मूतखडा, भूल आणि लुळे पाऊल

कल्याणहून मुंबईकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अंग चोरून बसलेल्या प्रवाशाच्या पायाला ठाणे येईपर्यंत मुंग्या येऊ लागतात. तो पाय किंचित सरकवतो, घोटा फिरवतो, शेजाऱ्याची माफी मागून बूड हलवतो. दोन मिनिटांत पाय पूर्ववत होतो आणि घटना विसरली जाते. ती विसरण्याजोगी असते, कारण शरीराचा पहारेकरी जागा असतो. मज्जातंतू दाबला गेला, रक्त अडले, की तो ओरडतो आणि माणूस हलतो.

या पहारेकऱ्याला मुद्दाम झोपवले, तर काय होते? वैद्यकाच्या इतिहासात हा प्रश्न फारसा जुना नाही, जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा. त्याची मुळे मात्र मूतखड्यात आहेत, आणि मूतखड्याचा इतिहास फार जुना आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातव्या अध्यायात मूत्राशयातील खडा काढण्याची शस्त्रक्रिया वर्णिली आहे. तिच्यातील रुग्णाची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. गुडघ्याइतक्या उंच फळीवर एक बलवान, न घाबरणारा मनुष्य बसवायचा. रुग्णाचे वरचे अंग त्याच्या मांडीवर उताणे टेकवायचे. कंबरेखाली कापडाचा आधार देऊन ती उचलून धरायची. गुडघे आणि कोपरे दुमडून ती दोरीने किंवा कापडाने एकत्र बांधायची. खडा मूत्राशयात, आणि तिथवर पोहोचण्याची त्या काळातली वाट खालून, दोन मांड्यांच्या मधून. पाय वर आणि फाकलेले असल्याशिवाय शस्त्र चालणे शक्य नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससनेही जवळजवळ हीच रचना सांगितली आहे, तीही बलवान माणसाच्या मांडीसकट. युरोपने या स्थितीला पुढे खडा कापण्याच्या क्रियेवरूनच ‘लिथॉटमी पोझिशन’ असे नाव दिले. आज मूत्रमार्ग, गर्भाशय, गुदाशय यांच्या असंख्य शस्त्रक्रिया याच स्थितीत होतात. खडा मागे पडला, नाव राहिले.

सुश्रुताच्या त्या फळीवर दोन गोष्टी रुग्णाच्या हातापायांचे रक्षण करीत होत्या, आणि दोन्ही ग्रंथात संरक्षण म्हणून सांगितलेल्या नाहीत. पहिली, खाली जिवंत माणसाची मांडी होती. ती मऊ होती आणि रुग्णाच्या अंगाचा प्रत्येक झटका तिला कळत होता. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. जागा असलेला मनुष्य अशा यातना फार काळ सोसू शकत नाही, म्हणून शस्त्रवैद्याची सारी कीर्ती वेगावर अवलंबून होती. अठराव्या शतकात लंडनचा विल्यम चेसेल्डन मूतखडा एका मिनिटाच्या आत बाहेर काढतो अशी त्याची ख्याती होती. मिनिटभर पाय कितीही करकचून बांधला, तरी त्याचे फारसे बिघडत नाही. त्या काळी रुग्ण दगावत तो रक्तस्रावाने, पू होऊन, तापाने. पाय लुळा पडण्याइतका वेळ त्यांना मेजावर मिळतच नसे.

या कथेतील मुंबईचा भाग एका चित्रकाराचा आहे. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा तरुण इंग्रज डॉक्टर १८५८ मध्ये मुंबईत उतरला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. हे कॉलेज आणि त्याला जोडलेले जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीचे रुग्णालय १८४५ पासून चालू होते. भाऊ दाजी लाड तिथल्याच पहिल्या पदवीधरांपैकी. कार्टर आला त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचा शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी आजही ‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’ म्हणून ओळखतात तो हाच. त्यातील चित्रे कार्टरची होती. छापील मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून त्याचे नाव आले. तो आता मुंबईत प्राध्यापक आहे याचा उल्लेख मात्र आला नाही. आयुष्यातली पुढची तीस वर्षे त्याने मुंबई इलाख्यात घालवली, काही काळ साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून. कुष्ठरोग, पायाला होणारा बुरशीचा विकार, पुन्हापुन्हा उलटणारा ताप यांवर त्याने काम केले. आणि मूतखड्यावरही. ग्रँट कॉलेजच्या संग्रहालयात जमलेले खडे त्याने तपासले आणि १८७३ मध्ये त्यांच्या सूक्ष्म रचनेवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले.

कार्टरच्या चित्रांचे वैशिष्ट्य असे की, अवयवांची नावे तो कडेला आकडे देऊन न लिहिता त्या त्या रक्तवाहिनीवर, मज्जातंतूवर थेट लिही. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला पोटरीच्या बारीक हाडाचे टोक लागते. ज्याला हे प्रकरण समजून घ्यायचे आहे त्याने ते आत्ता बोटाने चाचपून पाहावे. त्या गाठीच्या किंचित खाली हाडाला वळसा घालून एक जाड मज्जातंतू पुढे येतो. वर कातडी, खाली हाड, मध्ये तो. मांसाची गादी जवळजवळ नाहीच. पाऊल आणि बोटे वर उचलण्याची आज्ञा याच तंतूतून जाते. आता ग्रंथ मिटून शस्त्रक्रियेच्या मेजाकडे पाहावे. लिथॉटमी स्थितीत पाय ज्या दांड्याला किंवा आधाराला टेकतो, तो अगदी याच जागी टेकू शकतो. म्हणजे धोक्याचा नकाशा १८५८ पासूनच छापलेला होता. त्याकडे त्या दृष्टीने पाहण्याची गरज अजून पडली नव्हती, एवढेच.

ती गरज भुलीने निर्माण केली. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला, मार्च १८४७ मध्ये कलकत्त्यात त्याच ईथरखाली शस्त्रक्रिया झाली, आणि त्या वर्षअखेर एडिंबरोच्या सिम्पसनने क्लोरोफॉर्म पुढे आणले. वेदना संपली, ही मानवजातीला मिळालेली फार मोठी देणगी होती. तिच्याबरोबर आणखी दोन गोष्टी संपल्या. रुग्णाचे ओरडणे संपले आणि शल्यचिकित्सकाची घाईही संपली.

शिवाय भुलीतला मनुष्य स्वतःचे पाय स्वतः धरून ठेवू शकत नाही. मनगट घोट्याला बांधण्याचे पट्टे पूर्वीपासून होतेच. लंडनचा नामांकित भूलतज्ज्ञ जोसेफ क्लोव्हर याने गुडघे फाकवून धरणारा एक दांडा तयार केला. ‘क्लोव्हरची कुबडी’ या नावाने तो पुढे अनेक वर्षे वापरात होता. नंतर मेजाला रिकिबी आल्या, घोड्यावर बसताना पाय अडकवतात तशा. सुश्रुताच्या फळीवर बसलेला तो बलवान माणूस उठून गेला आणि त्याच्या जागी लोखंड आले. लोखंड थकत नाही, हा त्याचा गुण. खालचा पाय बधिर झाला तरी त्याला ते कळत नाही, हा त्याचा दोष.

भुलीने शस्त्रक्रियेचा वेळ कसा वाढवला, याचे उत्तम उदाहरण पुन्हा मूतखड्याचेच आहे. १८७८ मध्ये हार्वर्डच्या हेन्री बिगेलो याने सुचवले की खडा कापून काढण्याऐवजी मूत्रमार्गातून आत घातलेल्या यंत्राने तो फोडावा आणि सारा चुरा त्याच बैठकीत धुऊन बाहेर काढावा. पूर्वी असे फोडणे थोडे थोडे, अनेक खेपांत होई, कारण जागा रुग्ण अधिक सोसू शकत नसे. भूल असल्यामुळे बिगेलो तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ काम करू शकत होता. ही पद्धत हिंदुस्थानात फार लवकर रुजली, कारण इथे खड्याचे रुग्ण अमाप होते आणि त्यांत लहान मुलगे पुष्कळ. त्यांच्या अरुंद मूत्रमार्गात हे यंत्र चालणार नाही, असे युरोपात मानले जाई. होळकरांच्या इंदूरमध्ये रेसिडेन्सी सर्जन असलेल्या डेनिस कीगन याने ते चालते, हे एकामागून एक मुलांवर शस्त्रक्रिया करून दाखवले. चाकू टळला, जीव वाचले. मिनिटांच्या शस्त्रक्रियेचे युग मात्र मागे पडले होते आणि आता ते परत येणार नव्हते.

भुलीतून उठलेल्या काही रुग्णांचा हात उचलला जाईना, काहींचे पाऊल लोंबू लागले. पोटाची शस्त्रक्रिया झालेली, आणि लुळा पडलेला हात! पहिला संशय साहजिकच औषधावर गेला. क्लोरोफॉर्म हे विष आहे आणि ते मज्जातंतूंना मारते, हे स्पष्टीकरण सोपे होते. त्यात एक सोयही होती. औषध दोषी ठरले की मेजाभोवती उभे असलेले सगळे निर्दोष ठरतात. १८९४ मध्ये कोन्राड ब्यूडिंगर याने क्लोरोफॉर्मनंतरच्या लकव्यांवर जर्मनमध्ये लेख लिहिला आणि दोष औषधाचा नसून मांडणीचा आहे, असे प्रतिपादन केले. हात डोक्याच्या बाजूला वर ताणून ठेवला, की मानेतून काखेकडे जाणारा मज्जातंतूंचा जुडगा गळपट्टीचे हाड आणि बरगडी यांच्यात चिमटतो. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या हेन्री गॅरिग्ज या स्त्रीरोगतज्ज्ञाने याच विषयावर इंग्रजीत लिहिले. १८९७ हे तेच साल. कार्टरही त्याच वर्षी वारला.

हा इशारा देणाऱ्यांत स्त्रीरोग आणि प्रसूती पाहणारा डॉक्टर असावा, यात नवल नाही. खड्यानंतर लिथॉटमी स्थितीचा सर्वांत मोठा वापर त्याच दालनात झाला. आणि इथे कल्याणचा उल्लेख न करून चालणार नाही. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात जन्मलेली यमुना, म्हणजेच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम. डी. झाल्या. कार्टरच्या चित्रांसह ग्रे यांच्या ग्रंथाची अमेरिकन आवृत्ती याच शहरात १८५९ पासून छापली जात होती. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. स्वतःचे मूल अवघ्या दहा दिवसांत गमावलेल्या या मुलीने हाच विषय निवडावा, याचे कारण शोधत फार दूर जावे लागत नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. ब्यूडिंगरचा लेख यायला अजून सात वर्षे होती. अडलेल्या बाळंतपणात बाळाचे डोके कटीतील मज्जातंतूंवर तासन्‌तास दाबून राहते, किंवा बाळंतीण गुडघे घट्ट दुमडून फार वेळ एकाच स्थितीत राहते, तेव्हा तिचे पाऊल लुळे पडू शकते. आनंदीबाईंना हिंदुस्थानात ज्या स्त्रियांची सेवा करायची होती, त्यांच्यापैकी किती जणींनी असा पाय ‘बाळंतपणाचा दोष’ म्हणून आयुष्यभर ओढला असेल, याची नोंद कोणीच ठेवलेली नाही.

मज्जातंतू दाबला जाणे ही या कथेची एक बाजू. दुसरी अधिक भयंकर आहे आणि ती उमजायला आणखी वेळ लागला.

पोटरीचे स्नायू सुटे लोंबत नाहीत. ते चिवट आवरणाच्या चार कप्प्यांत भरलेले असतात. हे आवरण फारसे ताणले जात नाही. आत सूज आली तर दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू रक्तावाचून मरू लागतात. १८८१ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमन याने घट्ट पट्ट्यांमुळे मुलांचे हात कसे कायमचे वाकडे होतात ते लिहिले. त्या विकाराला त्याचे नाव मिळाले. हाडवैद्याने बांबूच्या कांबी करकचून बांधल्यावर बोटे काळीनिळी पडलेले मूल महाराष्ट्रातील अस्थिरोगतज्ज्ञांनी पुस्तकात पाहण्याआधी दवाखान्यात पाहिलेले असते. पुढे १९४१ मध्ये, जर्मन बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या लंडनच्या घरांखालून काढलेल्या माणसांवर बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी लेख लिहिला. पाय कित्येक तास दबलेला. बाहेर काढल्यावर मनुष्य बोलतो, चहा मागतो, आणि काही दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून मरतो. मेलेल्या स्नायूंतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना चोंदवते. लघवी गडद तपकिरी होते.

या साऱ्याचा शस्त्रक्रियेच्या मेजाशी संबंध आहे, कारण मेजावर ढिगारा नसला तरी गणित तेच आहे. पाय हृदयापेक्षा वर उचलला, की प्रत्येक सेंटीमीटर उंचीमागे त्यातील रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे पाऊण मिलिमीटरने घटतो. चाळीस सेंटीमीटर म्हणजे तीस मिलिमीटरची घट. त्यात डोके खाली, पाय वर असे मेज तिरके केले तर घट आणखी वाढते. भुलीने रक्तदाब आधीच उतरलेला असतो. पोटरी आधारावर टेकल्यामुळे बाहेरचा दाब वेगळाच. तास दोन तास स्नायू हे सोसतात. चार, सहा, आठ तास झाले की ते सुजू लागतात, आणि शस्त्रक्रिया संपवून पाय खाली घेताच रक्ताचा लोंढा परत येऊन सूज शिगेला पोहोचते. इंग्रजीत याला दिलेल्या नावाचा अर्थ ‘चांगल्या पायाचा’ कंपार्टमेंट सिंड्रोम असा होतो. ज्या पायाला कोणताही आजार नव्हता, तोच जातो.

हे ओळखणेही अवघड. रुग्ण सांगतो, पोटरी असह्य दुखते. ऐकणाऱ्याला वाटते, मोठे ऑपरेशन झाले आहे, दुखणारच. पावलाची नाडी बहुधा लागत असते, त्यामुळे रक्त पोहोचत आहे असा समज होतो. जोरदार वेदनाशामके किंवा पाठीतून दिलेली भूल चालू असेल, तर तक्रारही क्षीण होते. पहारेकरी इथे दुसऱ्यांदा झोपवलेला असतो. दगडासारखी घट्ट पोटरी आणि पायाची बोटे ओढली असता उठणारी कळ, एवढ्या खुणांवर निर्णय घ्यावा लागतो. उपाय एकच आहे, पोटरीचे आवरण लांबलचक चिरून कप्पे मोकळे करणे, आणि तोही काही तासांच्या आत. ती जखम काही दिवस उघडी ठेवावी लागते. पुष्कळदा तिच्यावर कातडी लावावी लागते. मूत्राशयासाठी भरती झालेला रुग्ण पायावर लांब व्रण घेऊन घरी जातो, आणि तोही नशीब चांगले असेल तर.

असे किती वेळा घडते? अमेरिकेतील मेयो क्लिनिकने लिथॉटमी स्थितीतील १,९८,४६१ शस्त्रक्रियांच्या नोंदी चाळल्या. पायाच्या हालचालीत दीर्घकाळ टिकलेला बिघाड ५५ रुग्णांत आढळला, म्हणजे सुमारे ३,६०८ मध्ये एक. त्यांतील ४३ जणांत जायबंदी झालेला मज्जातंतू कार्टरने काढलेला तोच, पोटरीच्या हाडाला वळसा घालणारा. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत कृश शरीर, धूम्रपान आणि वेळ या ठळक होत्या. कंपार्टमेंट सिंड्रोमबद्दलच्या दुसऱ्या अभ्यासात लिथॉटमी स्थितीत ८,७२० मध्ये एक, तर उताण्या स्थितीत ९२,४४१ मध्ये एक असे प्रमाण निघाले. आकडे लहान आहेत आणि म्हणूनच फसवे आहेत. एखादा शल्यचिकित्सक अख्खी कारकीर्द असा रुग्ण न पाहता काढू शकतो, आणि ज्या दिवशी तो समोर येतो त्या दिवशी त्याला ओळखू शकत नाही.

शस्त्रक्रिया दरम्यान लांबतच गेल्या. मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने आईचे गर्भाशय मुलीला बसवले. भारतातील ते पहिले गर्भाशय-प्रत्यारोपण, आणि ते कित्येक तास चालले. यंत्रमानवाच्या साहाय्याने प्रोस्टेट किंवा गर्भाशय काढताना मेज डोक्याकडे तीव्र उतरते केले जाते. पोटावरचे छेद बोटाएवढे होतात, रुग्ण लवकर घरी जातो, आणि पाय पूर्वीपेक्षा अधिक वेळ वर राहतात. बिगेलोच्या काळातला सौदा नव्या रूपात परत आला आहे: चाकू कमी, घड्याळ जास्त.

म्हणून आज चांगल्या शस्त्रक्रियागृहात छेद घेण्याआधीची दहा मिनिटे हातापायांना दिली जातात. दोन्ही पाय एकाच वेळी, दोन माणसांनी उचलायचे. भार टाचेवर यावा असा बुटासारखा आधार निवडायचा. पोटरी आणि गुडघ्याची बाहेरची बाजू मोकळी ठेवायची. हात नव्वद अंशांपेक्षा जास्त फाकवायचा नाही. कोपराच्या आतल्या अंगाला मऊ गादी द्यायची. दारावर कोपर आपटल्यावर करंट लागतो, तो तंतू तिथेच असतो. सहायकाने रुग्णाच्या मांडीवर रेलायचे नाही. हे लिहावे लागते, कारण सहाव्या तासाला माणूस रेलतोच. पाय वर गेल्याची वेळ फळ्यावर लिहायची, आणि दर दोन तासांनी काम थांबवून ते काही मिनिटे खाली घ्यायचे. शल्यचिकित्सकाला हे थांबणे आवडत नाही. हिरव्या चादरींखाली काही दिसत नसताना, तिथे हात घालून पोटरी चाचपण्याचे काम बहुधा परिचारिकेकडे किंवा कनिष्ठ भूलतज्ज्ञाकडे येते. तिची बोटे पट्ट्याखाली सरकतात, पोटरी मऊ आहे का ते पाहतात, आणि ती मोठ्याने सांगते: “पाय वर गेल्याला दोन तास झाले, सर.”